मिक्सरचं संकीर्ण गेलंय

आत्यानं पेचकस खाली ठेवला आणि जाहीर केलं, "रविवारी कट्टा कायमचा बंद."

कट्टा म्हणजे 'दुरुस्ती कट्टा'. घरातली यंत्रं आपली आपण दुरुस्त करू पाहणाऱ्या धाडसी लोकांचा ऑनलाइन मंच. आत्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि मंचही तिनंच काढलेला. पण त्याचा पार उकिरडा झाला, म्हणून भाचीनं तो हट्टानं आवरायला घेतला. तिनं विभाग पाडले: यांत्रिक, विद्युत, संकीर्ण. मग नवे पडदे लावल्यासारखी ती येता-जाता मेनू उघडून बघायची.

लोकांनी सगळं संकीर्णमध्ये कोंबलं. एकानं तर विचारलं, "माझ्या मिक्सरचं संकीर्ण गेलंय, कुठे मिळेल?"

खाली उत्तर होतं, "ओरिजिनलच घ्या. डुप्लिकेट संकीर्ण टिकत नाही."

त्याखाली तिसरा: "मलाही एक."

"बघ," आत्या म्हणाली. "जुनी उत्तरं कुणाला सापडत नाहीत, रोज तेच प्रश्न. मी दुकान बघू की तेच तेच लिहीत बसू?"

"आत्या, रविवारपर्यंत वेळ दे ना गं."

"दिला की. मी काय कसाई आहे?"

तेवढ्यात टाय लावलेले एक बँक मॅनेजर आत आले.

"वॉशिंग मशीन बिघडलंय."

"काय झालंय?" भाचीनं विचारलं.

"ते कळलं असतं तर आलो असतो का?" मॅनेजरांनी बॅग खाली ठेवली, टाय सैल केला आणि दोन्ही हात पोटाशी धरून अंग घुसळलं. "आधी घर्रर्र! मग धाडधाडधाड! मग..." ते एकदम ताठ झाले. "गप्प."

आत्याला बिघाड कळला. भाचीला त्याहून मोठं काहीतरी कळलं. तिनं त्यांचे इतके आभार मानले की मॅनेजर घाबरून बॅग विसरून गेले.

शनिवारी तिनं सगळे विभाग मोडले आणि नवे मांडले: खडखड, घरघर, कुईकुई, धाडधाड, चर्रचर्र, गप्प. चर्रचर्रवर लाल अक्षरांत 'आधी प्लग काढा'. प्रत्येकाच्या पोटात पंखा, मिक्सर, मशीन. प्रश्नोत्तरांचे जुने धागे एकेक वाचून आपापल्या आवाजात नेऊन ठेवले.

रविवारी आत्या पासवर्ड घेऊन बसली. भाची पंख्यांच्या खोक्यांमागे.

घरघरमध्ये एका बाईंनी लिहिलं होतं, "रात्रीच सुरू होते, मधेच थांबते, मग दुप्पट जोरात." तिघांनी ग्रीस सुचवलं होतं. एकानं वॉरंटी विचारली होती. त्यावर बाई म्हणाल्या, "लग्नाला वीस वर्षं झाली." धाग्याला भाचीनं कुलूप लावलं होतं: या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत.

आत्या हसली नाही. ती पुढचा धागा वाचत होती. "कुईकुईत शोधलं, तेल घातलं, पंखा सुरू. कुणाला विचारावंच लागलं नाही."

आत्यानं कट्टा तसाच चालू ठेवला. मग उठून फळीवरची 'इस्त्र्या' ही वर्षानुवर्षांची चिठ्ठी ओरबाडली आणि तिथे स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं: गप्प.

मॅनेजर बॅग न्यायला आले. "हे काय नवीन?"

"माझ्या भाचीची पद्धत," आत्या म्हणाली. 'माझ्या'वर तिनं असा काही जोर दिला की काउंटर हलला. कौतुक म्हणून आत्यानं आजवर 'बरंय'च्या पुढे मजल मारली नव्हती.

"कुठंय ती?"

आत्यानं खोक्यांमागे वाकून पाहिलं. भाचीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"सकाळपर्यंत खडखड होती," आत्या म्हणाली. "आता या फळीवर ठेवावी लागेल."