कालोलाइनेचा आवाज

"आवाज माझाच आहे रे," कालोलाइने म्हणाली, "पण मी हे बोललेच नाही."

सेमिसीने फोन पुन्हा तिच्या कानाशी धरला. 'राजधानीहून, नुकुअलोफाहून येणारं जहाज बिघडलंय. दोन महिने पीठ नाही, तांदूळ नाही. सरकार लपवतंय. मंगळवारची वाट बघू नका, आजच भरून ठेवा.' वाक्य संपल्यावर घेतलेला बारीकसा श्वाससुद्धा तिचाच होता.

शनिवारची सकाळ, नऊचा सुमार. उद्या रविवार, म्हणजे दुकानांना कुलूप. ज्याने कुणी हे केलं, त्याने वार अचूक निवडला होता.

सत्तावीस वर्षं कालोलाइने नेइआफू या बंदराच्या गावातल्या लहानशा रेडिओ केंद्रावरून रोज सकाळी दहा मिनिटं बोलत आली होती. पिठाचा भाव का चढला, संसदेत कोण काय म्हणालं, पेपरात त्यातलं काय छापलं आणि काय गाळलं, फोनवर नवीन काय आलंय. त्याआधी ती शाळेत शिकवायची, त्यामुळे अवघड गोष्ट सोपी करून सांगायची हातोटी होती. वावाऊच्या बेटांवर वाद मिटवायला "कालोलाइने म्हणाली" एवढं पुरत असे.

"आत्या, बस माइकसमोर. लगेच खुलासा कर," सेमिसी म्हणाला. तो तिच्या भावाचा मुलगा, केंद्राचा व्यवस्थापक. पण आत्यासमोर अजून आवाज चढवत नसे.

ती बसली. जहाज ठरल्याप्रमाणे मंगळवारी येतंय, फोनवर फिरतंय ते खोटं आहे, असं तिने दोनदा सांगितलं. पहिलाच फोन आला तो एका लांबच्या बेटावरून, एका बाईचा.

"सकाळी तुम्हीच सांगितलंत ना, भरून ठेवा म्हणून?"

"ती मी नव्हते, बाई. यंत्राने माझा आवाज काढलाय."

"मग आत्ता बोलतंय ते यंत्र नाही कशावरून?"

कालोलाइनेने माइक बंद केला. सेमिसीने घाईने भजन लावलं.

"आपल्याकडच्या ध्वनिफिती कुणाकडे गेल्यात?" तिने विचारलं.

सेमिसी खाली बघू लागला. "दोन वर्षांपूर्वी ते परदेशी लोक आलेले ना, भाषा जपायची म्हणून फिती घेऊन गेले. तूच सही केली होतीस, आत्या."

केली होती. नुसती सही नाही, रेडिओवरून लोकांना सांगितलंही होतं, की आपले आवाज द्या, म्हणजे आपली भाषा यंत्रातही जगेल. आवाज तिथूनच चोरला गेला की कुणी रेडिओवरून टिपून घेतला, हे कधीच कळणार नव्हतं.

तेवढ्यात धक्क्याजवळच्या दुकानाच्या मालकिणीचा, लाव्हिनियाचा फोन आला. "लोक दार मोडतायत! फुसी म्हातारीचा हात फटीत सापडलाय. तुझंच नाव घेतायत सगळे. ये लवकर!"

कालोलाइनेने कमरेला 'ताओव्हाला' गुंडाळून दोरीने घट्ट बांधली. चर्चला किंवा चारचौघांत मान राखून जाताना नेसतात ती, विणलेली चटई. "आत्ता कशाला ते?" सेमिसी म्हणाला. ती बाहेर पडली.

दुकानापुढे दोन-तीनशे माणसं होती. फुसीला कडेला बसवलं होतं, हात कोपराखाली वाकडा झालेला. कालोलाइने गर्दीतून वाट काढत दाराशी जाऊन उभी राहिली.

"आता ही कुठली कालोलाइने?" मासेमार विलियामी ओरडला. "सकाळची का दुपारची?" लोक हसले, पण मागून रेटा आलाच. तिची पाठ दारावर आदळली.

"ही," ती म्हणाली. "हात लावून बघ. तिसरीत असताना याच हाताचा मार खाल्लायस."

विलियामी एक पाऊल मागे सरला.

"माझं ऐकू नका. आजपासून माझा आवाज ऐकून काही खरं मानू नका. विलियामी, तू आत जा, पीठ किती आहे ते डोळ्यांनी बघून ये. कुणीतरी बंदरावर जा, जहाजाच्या कप्तानाशी बिनतारीवर बोला. तोवर मी इथून हलत नाही."

विलियामी आत गेला. माथ्यावर ऊन होतं. तो बाहेर आला तेव्हा केसांना पांढरं लागलं होतं.

"आहे. छतापर्यंत आहे." मग जरा थांबून म्हणाला, "पण पाटीवर भाव दुप्पट लिहिलाय."

पुन्हा गलका उठला. लाव्हिनिया दाराच्या फटीतून रडवेल्या आवाजात म्हणाली, "गर्दी बघून केला गं... सगळेच करतात."

"पाटी पूस," कालोलाइने म्हणाली. "घरटी एक पिशवी, कालच्या भावाने."

बंदरावर गेलेली माणसं तासाभराने परतली. जहाज भरून तयार होतं. रांग लागली. कालोलाइने शेवटच्या माणसापर्यंत दाराशी उभी होती. संध्याकाळी ती इस्पितळात गेली, तेव्हा फुसी प्लास्टरातला हात सांभाळत म्हणाली, "मला वाटलंच नाही गं, की तू खोटं बोलशील."

मंगळवारी जहाज आलं. तो आवाज कुणी बनवला, ते पोलिसांना सापडलं नाही. कुणी म्हणालं निवडणुकीसाठी, कुणी म्हणालं व्यापाऱ्यांनी, कुणी म्हणालं पोरांची गंमत.

त्यानंतर कालोलाइने माइकसमोर बसली नाही. तिच्या वेळेला रेडिओवर भजनं लागतात.

"बेटांवरची माणसं विचारतात गं," सेमिसी अजून म्हणतो.

"त्यांना म्हणावं, होडीने बाजाराला येता ना, तेव्हा या."

सकाळी ती बाजारात कंदांच्या टोपल्यांमागे पेटीवर बसते आणि बोलते. चाळीसेक माणसं जमतात. वयामुळे आवाज आता मागपर्यंत पोचत नाही, म्हणून मधे उभी असलेली एक भाजीवाली तिचं वाक्य मागच्यांना पुन्हा सांगते. कधी एखादा शब्द चुकतो. मग कालोलाइने तो दुरुस्त करते, आणि मागच्यांच्या माना हलेपर्यंत पुढचं वाक्य उच्चारत नाही.