टाळ्या परत घेण्याबाबत

कार्यक्रम झकास झाला आणि लायब्ररीने लॉयड तुस्कानोला प्रशस्तिपत्र दिलं. पण असं काही घडलंच नाही असं आपण धरून चालू या. लॉयड गेले पाच दिवस तसंच धरून चालला आहे. प्रशस्तिपत्र त्याने फ्रिजच्या मागे टाकलंय, आणि फ्रिज काही बोलत नाही.

लॉयड मूळचा वसईचा, आता कतारला, दोह्यात एका हॉस्पिटलच्या ऑफिसात. लायब्ररीच्या शनिवारच्या वाचन-उपक्रमात मराठी मंडळाची पाळी आली, तेव्हा विषय त्यानेच सुचवला: ‘आदिवासींचं ऐकू या’. पिढ्यानपिढ्या आपण त्यांच्या पाड्यांशेजारी राहिलो, त्यांचं कधी ऐकून घेतलं नाही, आता घेऊ, असं त्याने अर्जात लिहिलं. लिहिताना त्याचे स्वतःचेच डोळे पाणावले होते.

पाहुणाही मिळाला. तलासरीकडचा एक वारली टेक्निशियन, इथेच रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये कामाला, आजीच्या गोष्टी सांगायला तयार. लॉयडने नंबर सेव्ह केला: ‘आदिवासी गेस्ट’. नाव विचारायचं राहून गेलं.

शनिवारी कमरेला हिरव्या कागदाची पानं बांधलेली अकरा मुलं हॉलमध्ये उंडारत होती. ही कल्पनाही लॉयडचीच. खुर्च्या लावणारा माणूस मात्र अजून उगवला नव्हता. तेवढ्यात शिफ्टवरून थेट आलेला, निळी डांगरी घातलेला एक जण दारात उभा राहिला.

“नमस्कार सर. मी देवीदास. प्रोग्रॅमसाठी...”

“आलास एकदाचा! चाळीस खुर्च्या लावायच्यात. यल्ला, यल्ला, चल लवकर!”

देवीदासने एकदा मुलांच्या पानांकडे पाहिलं, एकदा खुर्च्यांकडे. मग खुर्च्या लावल्या. ओळी इतक्या सरळ, की पट्टी ठेवून बघावी. लॉयडची नऊ वर्षांची आंद्रिया त्याच्या मागे मागे फिरत होती.

“डॅडा, दॅट अंकल नोज अ टायगर स्टोरी,” ती मध्येच सांगून गेली.

“नंतर गं बाळा. गेस्ट यायचेत.”

सहा वाजले तरी गेस्टचा पत्ता नाही. लॉयडने माइक घेतला. “पाहुणे आले नाहीत, क्षमस्व. त्यांच्या वतीने त्यांच्या समाजाची गोष्ट मीच सांगतो.” आणि इंटरनेटवर सापडलेली वाघदेवाची गोष्ट त्याने वीस मिनिटं सांगितली. वाघाची डरकाळीसुद्धा फोडली. शेवटच्या ओळीत देवीदास मान खाली घालून ऐकत होता.

“अरे, फोन तरी लाव त्यांना,” मंडळाच्या अध्यक्ष शैलजाताई कुजबुजल्या.

लॉयडने सगळ्यांसमोर ‘आदिवासी गेस्ट’ला फोन लावला. शेवटच्या ओळीत रिंग वाजली.

देवीदास उभा राहिला. “मीच, सर.”

सगळ्या माना मागे वळल्या. ‘माफ करा’ हे शब्द लॉयडच्या पार दातांपर्यंत आले होते. बाहेर पडले ते वेगळेच.

“आणि हाच होता आपला आजचा प्रयोग! आपण समोरच्याचं कसं ऐकत नाही, हे दाखवायला मी पाहुण्यांना मुद्दामच खुर्च्या लावायला सांगितल्या!”

टाळ्यांचा कडकडाट. लोक उठून उभे राहिले. एक बाई चक्क रडल्या. “काय डोकं आहे रे तुझं!” म्हणत शैलजाताईंनी पाठ थोपटली. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या आंद्रियाने. तिने कमरेची पानं सोडली आणि घडी करून खुर्चीवर ठेवली.

देवीदास जवळ आला. आता हा चार शिव्या हासडेल, बरं होईल, असं लॉयडला वाटलं.

“सर, माझी कंपनीची बस सातला आहे. खुर्च्या आवरू, की निघू?”

“नाही, नाही... पण तुमची गोष्ट?”

“झाली की. तुम्ही सांगितलीत. फक्त त्यात वाघ ओरडत नाही. गप बसतो.”

पाचव्या दिवशी लॉयडने लायब्ररीला अर्ज केला:

“महोदय, गेल्या शनिवारी अर्जदारास मिळालेल्या टाळ्या खोट्या कारणासाठी मिळाल्या असल्याने त्या परत घेण्यात याव्यात. तसेच सर्व उपस्थितांना पुनश्च बोलावून सदर शनिवार संध्याकाळी साडेपाचपासून नव्याने सुरू करण्यात यावा. श्री. देवीदास (आडनाव अर्जदाराने अद्याप विचारलेले नाही) दारात येताच त्यांना वाक्य पूर्ण करू देण्याची संधी अर्जदारास मिळावी. खुर्च्या अर्जदार स्वतः लावेल. कळावे.”