आट्यांत बसलेला रंग

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. पण मित्रांनो, घराचा नव्हे, पाण्याचा. माझ्या एका अंगाला पाणथळ आहे, दुसऱ्या अंगाला नदी, आणि मधल्या मातीच्या बांधात मी उभा आहे. माझ्या डोक्यावर एक चाक आहे. ते फिरवले की स्क्रूसारखा आट्यांचा जाड दांडा वर सरकतो, त्याच्याबरोबर मीही उचलला जातो आणि पाणथळीतले पाणी माझ्या पायाखालून नदीत जाते. उलटे फिरवले की मी खाली बसतो आणि पाणी अडते. एवढेच माझे काम. पण ह्या एवढ्याशा कामावर किती भाषणे झाली म्हणून सांगू! ऐकून ऐकून माझे कान किटले, आणि मला तर कानही नाहीत.

मला इथे बसवले तेव्हा माझ्या अंगावर रंग नव्हता, वंगण होते. माझी देखभाल करणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. मामांची रीत ठरलेली होती. पाणकोंबड्या लव्हाळ्यात घरटी करत, तोवर ते मला बंद ठेवत. वरच्या ओढ्याला पाणी वाढले तर मला चार बोटे उचलत, म्हणजे घरटीही बुडत नसत आणि काठची शेतेही. पिल्ले पोहायला लागली की मला पुरता उघडत. मग जमीन कोरडी होई आणि पेरणी सुरू होई. शेतकरी कुरकुरत, पण थांबत.

"आधी त्यांची पोरं, मग आपलं पीक," मामा म्हणत, आणि आट्यांवरून वंगणाचे बोट फिरवत. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणाल तर तेच.

मग सरकार बदलले. नव्या लोकांना धान्य वाढवायचे होते. मला कायमचा उघडा ठेवा, असा हुकूम आला. पाणथळ आटली, पाणकोंबड्या निघून गेल्या. मामांची भाची शेती करत असे. तिलाही अधिकाऱ्यांनी सांगितले, "पार मधोमध पेरा, काही होत नाही." तिने पेरले. उद्घाटनाला मला पिवळा रंग दिला. टाळ्या वाजल्या तेव्हा मला बरे वाटले होते, खोटे कशाला बोलू?

पुढे तेही सरकार गेले. आलेल्यांना पाणथळ वाचवायची होती. मला कायमचे बंद केले आणि निळा रंग दिला. भाचीचे उभे पीक पाण्यात गेले. "मला पेरायला सांगणारे कुठं गेले?" असे ती विचारत राहिली. ते तर घरी गेले होते. पुन्हा पिवळे आले, पुन्हा निळे आले. दर वेळी नवा रंग, जुन्यावरच. फोटोत चांगले दिसावे म्हणून आट्यांवरही ब्रश फिरे.

वंगण मात्र कुणी देईना. शेतीखाते म्हणे, दरवाजा पाणथळीचा. पाणथळीचे खाते म्हणे, तो शेतीच्या लोकांनी बसवला. त्या टोलवाटोलवीत मामा घरचे वंगण आणत राहिले. ते निवृत्त झाले आणि तेही संपले. चाक आखडू लागले, पण मला हलवायचे कुणाला होते? बंद म्हणजे बंद.

गेल्या हंगामात वरच्या ओढ्याला लोंढा आला. पाणथळ भरू लागली. लव्हाळ्यात घरटी होती, काठाला भाचीचे शेत होते. भाची धावत बांधावर आली. पक्ष्यांची राखण करणारी रक्षकबाई तिथे आधीच उभी होती. ह्या दोघींचे कधी पटले नव्हते.

"बाई, दरवाजा उचला! माझं पीक चाललंय!"

"अहो, घरटीपण चाललीत. वरून परवानगी आलीय. या, हात लावा!"

दोघींनी चाकाला जोर लावला. मामाही काठी टेकत आले. चाक तसूभर हलले नाही. मामांनी आट्यांवरून बोट फिरवले.

"हा गंज नाही गं," ते म्हणाले. "रंग आहे. आटे बुजलेत."

भाचीने विळ्याने खरवडायला घेतले. निळा निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली परत निळा.

"एकाखाली एक सरकारंच निघतायत," ती म्हणाली. कुणाला हसू आले नाही.

आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना एकच हवे होते, आणि मला ते करता आले नाही. पाणी चढत गेले. पीक बुडाले, अंडी तरंगत माझ्या छातीपर्यंत आली आणि तिथेच फिरत राहिली. मला फार वाईट वाटले. रक्षकबाई बांधावर बसून रडली. भाचीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तीही रडली.

आता सरकार पुन्हा बदलले आहे. आज सकाळी पेंटर डबा घेऊन आला, तर दोघी आधीच येऊन बसलेल्या. आटे पुरते खरवडून झाले होते आणि रक्षकबाई त्यांना वंगण लावत होती.

"दादा, कुठला रंग आणलाय?" भाचीने विचारले.

"पिवळा, ताई. मला काय, सांगतील तो."

"लावा. पण आट्यांना ब्रश लागला, तर डबा नदीत जाईल."

पेंटर हसला आणि आट्यांना फडके गुंडाळू लागला. त्याआधी दोघींनी चाक फिरवून पाहिले होते. मी एक बोट उचलला गेलो. चार नव्हे, एकच. पण माझ्या पायाखालून पाणी वाहिले.

मित्रांनो, मी थकलो आहे. मला कुणाचाही रंग द्या, मी कुरकुर करणार नाही. फक्त आटे तेवढे सोडा. पाणी पुन्हा चढेल, तेव्हा मला उघडता आले पाहिजे.