पिढीजात शेतकरी

कीर्तनात एका टाळावर टाळ वाजवणारा माणूस सख्ख्या भावाच्या वरचा, असं गुणाजी मानायचा. म्हणून गिरणी बंद पडल्यावर कीर्तनातला जोडीदार सहदेव म्हणाला, "चल, भाजी लावूया," तेव्हा त्याने मागचापुढचा विचार केला नाही.

जमीन चारकोपला, रुक्मिणीकाकूंची. विहिरीला बारमाही पाणी. आधी एका गिरणी कामगाराने ती कसायला घेऊन नुसतं गवत माजवलं होतं, तेव्हापासून काकूंची अट एकच: पिढीजात शेतकरी हवा.

"तू पण तसाच सांग," वाटेत सहदेव म्हणाला.

"माझो बापूस खोताची गुरां राखी. आमची कसली शेती?"

"तुज्या गावाक जावन कोण बघतलो? बोल बिनधास्त!"

मनातल्या मनात देवाची क्षमा मागून गुणाजी खोटं बोलला.

सहदेव खरोखरच शेतकऱ्याच्या घरातला; नांगरट, बी, खत त्याला ठाऊक. पण गावच्या सवयीने त्याने सगळा लाल माठ एकदम पेरला, तो एकदम तयार झाला आणि बाजारात मातीमोल गेला. गुणाजी गिरणीत कापड तपासायच्या खात्यातला. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "पाळ्या लावूया. हा वाफा आज, तो पुढच्या आठवड्यात. रोज थोडा माल निघूक होयो." जुड्या बांधायला तो स्वतः बसे. पिवळं पान दिसलं की जुडी बाजूला. पुढे पुढे मालाडच्या बाजारात व्यापारी राजाराम लांबूनच ओरडायचा, "गिरणीवाल्याचा माल आला काय? इकडे आण, इकडे!"

काकू खूश झाल्या. जमीन आणखी पाच वर्षं देते म्हणाल्या. गुणाजीने घरी जाऊन मालनला सांगितलं, "आता गावाक परत जावचा नको." ती बिचारी देवापुढे साखर ठेवून रडली.

आणि परवा सकाळी काकू बांधावर आल्या त्या फुगलेल्या तोंडानेच.

"गुणाजी, खरं सांग. तुझ्या बापाची शेती होती?"

गुणाजीच्या हातातली जुडी तशीच राहिली. "नाही, काकू. कोण बोललं?"

"सहदेव. मन खात होतं म्हणाला."

"मी खोटं बोललो, कबूल. पण मला शिकवलं कोणी, ते पण विचारा त्याला."

सहदेव काडीने पायाचा चिखल काढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मी कशाला शिकवू? देवाशपथ!"

गुणाजीला जमीन जाणार याचं तेवढं लागलं नाही, जेवढं ते एक वाक्य लागलं.

"भाजी तू झकास काढलीस, नाही कोण म्हणतंय?" काकू म्हणाल्या. "पण जो बापाविषयी खोटं सांगतो, त्याच्या भरवशावर जमीन टाकवत नाही रे. सहदेवला देते." डोळ्याला पदर लावत त्या निघून गेल्या.

सहदेव जवळ सरकला. "रागावू नको. रोजावर ये. बाजाराचा तुकाच कळता. तुज्याशिवाय माका जमाचा नाय."

"जमतला," गुणाजी म्हणाला. "तुजो देव आसा मा, शपथेक."

ऊन चढत होतं. माठ कोमेजायच्या आत उरलेल्या जुड्या बांधून टाकाव्यात म्हणून तो पुन्हा खाली बसला. घरी मालनला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं.