अब्रेहेतच्या सीटची खोळ

अस्मारात नव्या सायकलवर कुणी बसलं आणि गुडघा कुरकुरला, की लोक मला हाक मारतात. निदान तीस वर्षं मी असंच समजत होतो.

माझ्याकडे एक मेण लावलेली दोरी आहे. तिला गाठी आहेत, एका माणसाची एक. पायडल फिरतं त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत दोरी ताणायची आणि गाठ मारायची. मग सायकल चोरीला जावो की भावाची घ्यावी लागो, गाठ लावून सीट त्याच उंचीवर आणायची. सीटच्या टोकावरून नट बांधलेला दोरा सोडायचा आणि तो आसाच्या किती बोटं मागे पडतो ते बघायचं. एवढीच माझी विद्या. पण ती करताना माझा चेहरा असा असायचा, की बाळाला बाप्तिस्मा देणारा पाद्रीही मला बघून सरळ उभा राहिला असता.

माझी बायको अब्रेहेत जाऊन सात महिने झाले. तिची सायकल बोळात भिंतीला टेकून आहे. ती आजारी पडल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, माझ्या भावाची मुलगी किसानेत ती चालवते. शाळेत जाता जाता पोरगी इतकी जोरात चालवायला लागली, की क्लबने तिला शर्यतीची सायकल वापरायला दिली. रविवारी मुलींच्या संघासाठी निवडीची शर्यत होती. सहाजणी घेणार होते.

गुरुवारी ती नवी सायकल घेऊन दारात आली. या सायकलवर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, म्हणाली. काकूच्या सायकलवर कधीच दुखलं नाही.

"काका, मला काकूचं बसणं या सायकलवर करून द्या. अगदी तस्सं."

मला बरं वाटलं. सात महिन्यांत कुणी माझ्याकडे दोरी मागितली नव्हती.

अब्रेहेतच्या सीटला तपकिरी मखमलीची, झालरीची खोळ होती. तिनेच शिवलेली. माप नेहमी उघड्या सीटचं घ्यायचं हा माझा नियम. ती गेल्यापासून मी त्या खोळीला हात लावला नव्हता, म्हणून मी तोंड भिंतीकडे केलं, खोळ ओढून काढली आणि न बघता तिच्या शिलाई मशीनवर ठेवून आलो. मग दोरी ताणली. वीस वर्षांपूर्वी मारलेली तिची गाठ बरोब्बर सीटच्या माथ्यावर आली. सीटच्या दांडीवर तेव्हा मी कानशीने केलेली खूणही जागेवर होती. केसाचा फरक नाही. नव्या सायकलची सीट मी त्या गाठीवर आणली, तीनदा तपासली आणि किसानेतला सांगितलं, आता दुखलं तर माझं नाव बदल.

शुक्रवारी ती देकेम्हारेच्या रस्त्यावर जाऊन आली ती लंगडतच.

मी पुन्हा मोजलं. गाठ बरोबर होती. मी तिला समजावलं की माप बरोबर आहे, तेव्हा चूक गुडघ्याची असणार. दोन्ही गुडघ्यांची का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, एका घरातले आहेत, असेल.

शनिवारी सकाळी तिने मला हाताला धरून अस्गेदोमच्या दुकानात नेलं. दोन्ही सायकली बरोबर घेतल्या. अस्गेदोम सायकली दुरुस्त करतो आणि माझ्याबरोबर पाचवीपर्यंत शिकला आहे. त्याने माझी दोरी बघून विचारलं, अजून या दोरीला कुणी फाशी गेलं नाही का?

किसानेत काकूच्या उघड्या सीटवर बसली, भिंतीला हात लावून पायडल उलटं फिरवलं आणि थांबली.

"काका, ही पण खाली गेलीय."

"खूण जागेवर आहे."

"असू दे. मी रोज बसते ती सीट ही नव्हे."

अस्गेदोम हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "खोळ कुठंय रे?"

मी घरी जाऊन खोळ आणली. त्याने ती उलटी केली. आत एक जाड घडी शिवलेली होती, हिरव्या लोकरीची, चार पदरी. रंग मी ओळखला. ती माझी शर्यतीची जर्सी होती, धुवायला टाकली आणि हरवली म्हणून मी शेजारणीवर संशय घेतलेला.

अस्गेदोमने सांगितलं ते असं. वीस वर्षांपूर्वी मी अब्रेहेतची सीट लावली आणि गल्लीभर मिरवलं, त्याच आठवड्यात ती गुडघा धरून त्याच्याकडे आली होती. तो सीट वर करायला निघाला, तर तिने त्याचा हात धरला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, त्याने दांडीवर खूण केलीय. खूण वर आली तर त्याला दिसेल. राहू दे, मी शिवून घेते."

मला एकदम ती दुपार आठवली. कॉफीचा दुसरा कप चालला होता. सगळ्या बायका चटईवर, चपला दाराशी. मी अब्रेहेतला तशीच उठवून सायकलवर बसवलं, टाच पायडलवर ठेवायला लावली, गुडघा सरळ झाला तिथे सीट पक्की केली. अनवाणी. आणि ती कामाला जायची जाड तळाच्या बुटात. बुटाचा तळ जेवढा जाड, तेवढीच ती घडी.

"तुला माहीत होतं," मी अस्गेदोमला म्हणालो.

"तिने सांगू नको म्हटलेलं. शिवाय तू ऐकलं असतंस?"

मी खोळ परत चढवली. किसानेतला बूट घालून वर बसवलं, घडी तिच्या वजनाने दबू दिली आणि तेव्हा मोजलं. जुन्या गाठीच्या एक बोट वर. ती गाठ सोडवायचा प्रयत्न मी केला नाही. नवी मारली. नवी सीट तिथवर आणली. किसानेत चौकापर्यंत जाऊन आली आणि पुन्हा निघून गेली. तासाभराने आली तेव्हा सरळ चालत होती.

रविवारी ताडाच्या झाडांच्या रस्त्यावर निम्मं शहर उभं होतं. आमच्या गल्लीतल्या बायकांनी सायकली झाडांना टेकवल्या होत्या. मी कडेने चाललो होतो आणि माझी नजर सीटांवर गेली. लेताईच्या सीटला खोळ. अल्मझच्याही. या सगळ्या बायकांची सीट मीच लावलेली, त्याच चटईवरून उठवून. मी लेताईची सीट अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला.

मी पुढच्या झाडाकडे गेलो. मग त्याच्या पुढच्या. पाद्र्याच्या बायकोने मला तिच्या सीटवर हात ठेवलेला बघितलं आणि तोंडाला पदर लावला, रागाने की हसू दाबायला ते कळलं नाही.

इतक्यात आरडाओरडा झाला आणि अस्गेदोम धापा टाकत आला.

"चौथी आली. घेतली तिला. तू होतास कुठे?"

"मोजत होतो," मी म्हणालो.

"किती झाल्या?"

"अकरा. अजून पलीकडचा फुटपाथ राहिलाय."