बाबांची वेणी

माझे सासरे गणिताचे मास्तर होते. परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांचा दरारा असा की त्यांची चाहूल लागताच पोरं कॉपीच्या चिठ्ठ्या गिळून टाकायची. निवृत्त झाल्यावर ते घरात बसून सासूबाईंच्या फोडणीत चुका काढू लागले, तेव्हा सासूबाईंनीच त्यांचं नाव बागकामाच्या वर्गात घातलं.

"त्यांना प्रमाणपत्र मिळेल, मला शांतता," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

पहिलाच प्रकल्प मिळाला: कुंडीत टोमॅटोचं रोप लावा, रोज बघा, दिसेल ते लिहा. बाबांनी गॅलरीत कुंडी मांडली. मग काय, स्वतः चहा प्यायले की रोपाला पाणी, पेपर वाचून झाला की पाणी, बातम्या संपल्या की पुन्हा पाणी. काही दिवसांनी कुंडी दिसेनाशी झाली. "ऊन कमी पडत होतं, गच्चीवर ठेवली," असं म्हणाले. गच्चीवर बघायला कोण जातंय?

वही द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. "सूनबाई, शुद्धलेखन तेवढं बघ."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रयोगवह्या तपासण्यात हात चांगलाच बसलेला. वही झकास होती. कोंब, पानं, एक हिरवी अळी, तिचा बंदोबस्त. वाचता वाचता एका ओळीशी थबकले. 'आज पाणी घालताना माझी वेणी फांदीत अडकली.'

मी वर पाहिलं. दिव्याखाली बाबांचं टक्कल लखलखत होतं.

"बाबा, तुमची वेणी?"

त्यांचा हात आपसूक डोक्यावर गेला. सासूबाई "कुणाची वेणी?" करत बाहेर आल्या, ती ओळ वाचली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटल्या.

मजकूर वर्गात शेजारच्या बाकावर बसणाऱ्या नर्सबाईंचा. 'नुसती बघायला' म्हणून वही मागून आणलेली. बाबांनी 'गेले'चं 'गेलो' केलं, 'हसले'चं 'हसलो' केलं, एक क्रियापद सोडलं नाही. पण वेणीच्या ओळीत बदलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती जशीच्या तशी उतरली.

"रोप केव्हाच मेलं गं," ते शेवटी म्हणाले. "मेलेल्या रोपाचं काय निरीक्षण लिहू?"

"कसं मेलं ते लिहा."

"आणि नापास झालो तर? उभा जन्म दुसऱ्यांना नापास केलं मी. आता या वयात..."

माझं हसू ओसरलं. उत्तर आधी ठरवून मग आकडे जुळवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर असाच भाव असतो.

"फसलेल्या प्रयोगाचे मार्क मी कधीच कापत नाही, बाबा. रचलेल्या आकड्यांचे कापते."

"तू सांगणार आमच्या बाईंना?"

"छे! सांगायचं तुम्ही. मी फार तर गाडीने सोडते."

दुसऱ्या दिवशी सोडायला गेले तर बाबा "थांब जरा," म्हणाले, म्हणून मीही शेवटच्या बाकावर टेकले. वर्गाच्या बाई माझ्याहून लहान. वह्या गोळा झाल्या होत्या आणि त्या चाळत होत्या. बाबा उठले, हात मागे बांधले.

"बाई, माझं रोप मेलं. वहीतलं लिखाण माझं नाही."

बाई रागावल्या नाहीत. "सर, एक सांगा. ती हिरवी अळी तुमच्याकडे आली होती?"

"वहीत आली होती."

"सगळ्यांच्याच वहीत आली आहे. एकाच मंगळवारी."

तेवढ्यात नर्सबाई ताडकन उठल्या. "ती अळी माझी आहे! आणि वही मी एकाच माणसाला दिली होती."

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. मागच्या बाकावरच्या दोघांनी 'फोटो काढून देतो' म्हणून त्यांच्याकडून वही मागून नेली होती, आणि पुढे ती कुठे कुठे फिरली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी वह्या परत वाटल्या. "माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "मी 'बघा' म्हटलं, तुम्हाला 'वाढवा' ऐकू आलं. रोप मेलं तरी चालेल, खरं लिहिलंत तर गुण आहेत. उसन्या अळीला शून्य." मग खिडकीतली स्वतःची वाळकी कुंडी उचलून त्यांनी टेबलावर ठेवली. वर्गात हशा पिकला, आणि एकेक जण आपापल्या रोपाची शोकांतिका सांगू लागला. नर्सबाई मात्र तासभर बाबांकडे पाठ करून बसल्या. नंतर बाबांनी दारात गाठून माफी मागितली, तेव्हा "ठीक आहे," एवढंच म्हणाल्या. वही काही पुन्हा दिली नाही.

बाबांनी सगळं नव्याने लिहिलं. सासूबाईंनी आनंदाने साक्ष दिली, कितीदा पाणी घातलं याची. शेवटी बाबांनी लिहिलं, 'मृत्यूचं कारण: अति काळजी.' गुण मिळाले बेताचेच. मुळं कुजली होती का, हे उपटून बघायचं राहून गेलं होतं.

मुलगा, म्हणजे माझा नवरा, ती वही पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. बापाला कमी मार्क पडलेले त्याने जन्मात पहिल्यांदाच पाहिले.

"बाबा, पालकांची सही लागेल का हो?"

बाबांनी त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग खिशातलं पेन काढून पुढे केलं. "कर. आणि नीट अक्षरात."