बिजागरीवरचा काळा थर

मळ समजू नका, काजळीही समजू नका. मी उपग्रहाच्या सौरपंखाच्या बिजागरीवरचा काळा थर बोलतोय. माझी जाडी केसाच्या शंभराव्या भागाइतकी, पण तोरा हत्तीएवढा! का नसावा? इथे अवकाशात तेलाची वाफ होते, ग्रीस गोठतं; बिजागरी फिरती ठेवायला मीच लागतो. पेन्सिलीतलं शिसं माझ्यासारखंच काळं आणि गुळगुळीत, पण त्याला घसरायला हवेतला ओलावा लागतो. माझं उलटं. ओलावा माझा वैरी. जिथे हवाच नाही तिथे मी मजेत.

हवा काढून घेतलेल्या एका डब्यात मी कणाकणाने बिजागरीच्या पिनेवर बसलो. बसवणाऱ्या बाईंना सगळे हळूबाई म्हणत, कारण प्रयोगशाळेत सतत त्यांचं "हळू, हळू!" ऐकू यायचं. संध्याकाळी घरी निघताना त्या वाकून मला विचारायच्या, "वर गेल्यावर नीट फिरशील ना रे?"

प्रयोगशाळेच्या साहेबांना मात्र पाहुण्यांपुढे पंख उघडून दाखवायची भारी हौस. भर दमट हवेत उघडमीट, उघडमीट! सातव्या खेपेला मी कुरकुरलो. बाई धावत आल्या.

"साहेब, पुरे! थर झिजतोय."

"अहो, बिजागरी हलवायलाच असते ना?"

"वर, साहेब, इथे नाही. वर अडकली तर सोडवायला कोण जाणार, तुम्ही?"

साहेब वरमले. नवा थर द्यायला वेळ नव्हता; उड्डाण आठवड्यावर आलं होतं. बाईंनी बिजागरीला कोरड्या वायूच्या पिशवीत बंद केलं आणि चिठ्ठी डकवली: 'हात लावाल तर याद राखा.' चिठ्ठी बरोबर साहेबांच्या नाकासमोर येत होती.

मग उड्डाणाने हाडं खिळखिळी केली. वर आलो तर उन्हात भाजायचं, सावलीत गारठायचं. एका जागी मी इतका विरलो होतो की खालचा धातू दिसत होता. पंख अडकला असता तर उपग्रहाला वीज नाही, आणि बाईंची सहा वर्षांची मेहनत पाण्यात. खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली होती.

खालून हुकूम आला. पंख हलला. त्या उघड्या जागेवर मी आजूबाजूचे कण पसरत गेलो, पुरवून पुरवून. पंख पूर्ण उघडला आणि त्यावर ऊन पडलं. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता!

आता माझं काम संपलंय. साहेब भेटले तर सांगा, हवा तेवढा पंख बघा, पण लांबून. आणि हळूबाईंना त्यांचं उत्तर द्या: फिरलो, बाई. अगदी हळू.